लागणाऱ्या वस्तू

लातूर, २२ मार्च २०२६

आक्का,

तुला नमस्कार आणि आईच्या पायांवर डोकं.

आजकाल पत्र कोण लिहितं म्हणून हसशील. हस. फोनवर आपलं निवांत बोलणं होत नाही, आणि तुला एक खोकंही पाठवायचं होतं. उद्या एसटीच्या पार्सलने टाकते. हदगावच्या बसस्टँडवर विचार.

पाडव्याच्या निमित्ताने मी घर साफ करायला काढलं. मोबाईलवर एक बाई सांगतात, घरातला पसारा कसा कमी करायचा. प्रत्येक वस्तू हातात घ्यायची, स्वतःला विचारायचं, ही मला लागते का? आणि मग तिचा निकाल लावायचा. मी तसंच केलं. जी जी लागते ती काढली आणि खोक्यात भरली. मागच्या धोंड्याच्या महिन्यात आईने ह्यांना दिलेली पितळेची समई आहे, लोखंडी खलबत्ता आहे, मोठा तांब्या आहे, आणि माझ्या रुखवतातलं लाटणं. आईला दाखवू नको, तिला वाईट वाटेल. कुणाला देऊनही टाकू नको. तुझ्याकडे असू दे.

ह्यांनाही मोकळं घर आवडलं. म्हणाले, छान झालं, हातपाय हलवायला जागा झाली.

तुझी,
वर्षा


हदगाव, ३० मार्च २०२६

वर्षे,

आशीर्वाद आहेतच, पण आधी कान धर.

खोकं आलं. रिक्षावाला म्हणाला, मॅडम, आत धोंडे भरलेत का? दोन गोष्टींवर तुझ्याशी भांडायचं आहे. पहिली, बारावीला मराठीत कॉलेजात पहिली आलेली तू, आणि "लागते ती काढली" असं लिहितेस? अगं बये, लागत नाही ती काढायची, लागते ती ठेवायची. माझ्या चौथीच्या पोरांना कळतं हे. दुसरी, लाटणं आणि खलबत्ता देऊन बसलीस तर स्वयंपाक काय त्या मोबाईलातल्या बाईच्या डोक्यावर करतेस?

आईपासून या घरात आजवर काही लपलंय का? तिने समई ओळखली आणि तोंड पाडून बसली. "दुकानात सगळ्यात जड व्हती ती. म्या हातानं तोलून घेतली. जावयाला हलकं देऊ काय?" तिची समजूत काढता काढता माझी दुपार गेली. तुला माहीतच आहे तिचं. तीन वर्षांनी अधिक महिना येतो, जावयाला विष्णू मानून पाटावर बसवायचं, पाय धुवायचे, पुरणाचे धोंडे खाऊ घालायचे आणि वाण द्यायचं, यात तिचा जीव अडकलेला. यंदा मेमध्ये धोंडा लागतोय. पितळेची परात बघून आली आहे, दोघांनी उचलावी अशी.

तुझा स्वयंपाक अडू नये म्हणून मी एक बिडाचा तवा पाठवला आहे. हिमायतनगरच्या बाजारात मिळाला. चांगला जाड आहे, दोन्ही हातांनी उचलावा लागतो. हा मात्र कुणाला देशील तर याद राख.

आणि फोन केला की जावईबापूच का उचलतात गं? "ती कामात आहे" म्हणतात. घर तर रिकामं केलंस, काम कसलं उरलं?

तुझी आक्का


लातूर, १४ एप्रिल २०२६

आक्का,

अक्षर वाकडं आहे कारण डाव्या हाताचं आहे. उजव्या हाताला तुझा तवा लागला. शुद्धलेखन तपासू नकोस. मी तो शब्द तेव्हाही चुकीचा लिहिला नव्हता आणि आताही लिहीत नाहीये.

समोर पंचशीला राहते, शिलाईकाम करते. तिच्या घरी बसून लिहिते आहे. आज जयंतीची मिरवणूक आहे, रस्ते बंद, त्यामुळे हे शिकवणीवरच अडकलेत. पंचशीलाने खीर दिली, ती एका बाजूने खाते आहे. यापुढची पत्रं तिच्याच पत्त्यावर टाक. माझ्या दारात पत्र पडू देऊ नकोस.

एक मागणं आहे. यापुढे मला काही जड पाठवू नका. आईला सांग, द्यायचंच असेल तर मऊ द्या. शेवया द्या, कुरडया द्या, कापूस द्या. दांडा असलेलं नको, मूठ असलेलं नको. वेड्यासारखं वाटेल, पण दुकानात वस्तू हातात घेतलीस की एवढंच बघ, ही उगारता येते का.

तवा मी गॅसच्या मागे, वर्तमानपत्राखाली सरकवून ठेवला आहे. लागेल तेव्हा काढते. बघ, पुन्हा तोच शब्द.

वर्षा


हदगाव, २१ एप्रिल २०२६

वर्षा,

तुझं पत्र मधल्या सुट्टीत वाचलं. मग वर्गाला शुद्धलेखन दिलं आणि फळ्याकडे तोंड करून उभी राहिले. पोरं म्हणाली, बाई, पुढचं वाक्य सांगा. मी पहिलंच वाक्य पुन्हा सांगितलं.

घरी येऊन खोकं पुन्हा उघडलं. महिनाभर ते माझ्या पलंगाखाली होतं आणि मी डोळे असून पाहिलं नव्हतं. लाटण्याचं एक टोक फुटलंय. तांब्याला चेपा गेलाय. समईची दांडी वाकली आहे. मला वाटलं होतं, पार्सलवाल्यांनी आपटली असेल.

आईला सगळं सांगितलं. तिचं पहिलं उत्तर ऐक. "उगारला असंल हात येखांद्या टायमाला. तुमचा बाप काय देव व्हता?" मी तिच्यावर इतकी ओरडले की शेजारची सुमनबाई दारात येऊन उभी राहिली. आई उठली. समई घेऊन मोरीत बसली आणि चिंचेने घासायला लागली, जशी काही डाग गेला की सगळं जाईल. घासायला म्हणून तिने आटे फिरवून समईचे भाग सुटे केले. आट्यांत केस अडकले होते. लांब, तुझे. सुकलेल्या रक्ताने चिकटलेले. आईने ते एकेक करून सोडवले आणि कागदात बांधले. तेव्हापासून ती बोलत नाही, जेवतेही नावाला.

आता तू सरळ सांग, कधीपासून? मी येते. कुठल्याही गाडीने येते. फळ्यावर लिहितो ना तो माणूस, लेकरं पाया पडतात ना त्याच्या, तोच हात मी आधी मोडते. मला माझ्या रागाची भीती वाटते आहे, पण येते.

आक्का


लातूर, ३ मे २०२६

आक्का,

येऊ नकोस. आधी पुरतं वाच.

लग्नानंतरच्या दुसऱ्या वर्षापासून. कारणं लिहीत बसत नाही, भाजीतल्या मिठापासून शेजारणीशी बोलण्यापर्यंत काहीही चालतं. आधी हाताने मारायचा. मग म्हणाला, हात दुखतो, सकाळी फळ्यावर लिहायचं असतं. तेव्हापासून वस्तूंनी. समई लक्ष्मीपूजनाच्या दिवशी, वाऱ्याने दिवा विझला म्हणून. मी शुद्धीवर आले तेव्हा फरशीवर तेल पसरलं होतं, आणि तो पाटावर बसून म्हणाला, आधी ते पूस, पाय घसरेल कुणाचा तरी.

दुसऱ्या दिवशी साडी आणतो. दर वेळी आणतो. नेसून दाखवायला लावतो आणि तुला पाठवायला फोटो काढतो. तू "किती हौशी गं जावईबापू" असं लिहायचीस ना, त्याच त्या साड्या. कपाट भरलं आहे. ती थप्पी मला कधी हलवता आली नाही.

घर रिकामं करणं हा माझा उपाय होता. वाटलं, उगारायला काही नसलं की हात आपोआप थांबेल. मूर्खपणा झाला. पट्टा त्याच्या कमरेलाच असतो, तो कुठल्या खोक्यात भरू?

मागे आई फोनवर "भेटायला येते" म्हणाली होती, आठवतं? त्या दिवशी त्याने गळा धरला आणि सांगितलं, माहेरचं माणूस न बोलावता दारात आलं तर आधी तुला संपवीन. तो खोटं बोलत नव्हता. माझ्या गळ्याला ते कळलं.

पण एक वाट आहे. धोंडा. विष्णू व्हायला तो स्वतः मला घेऊन हदगावला येईल, कारण पाय धुवून घ्यायला त्याला फार आवडतं. तुम्ही रीतसर बोलावणं धाडा. मी तुमच्या उंबऱ्याच्या आत आले की परत जाणार नाही. तोवर कुणी काही करू नका. मला जिवंत बाहेर पडायचं आहे, आक्का, बाकी काही नको.

वर्षा


हदगाव, ११ मे २०२६

वर्षा,

फोन केला. "जावईबापू, आई तुमच्या वाटेकडे डोळे लावून बसली आहे" असं म्हणाले आणि मग चूळ भरली. कळवतो म्हणाला.

आईने परात रद्द केली. दुकानदाराने विचारलं, मग जावयाला काय देणार, मावशी? म्हणाली, "त्यायला जे शोभंल ते." इतक्या दिवसांत तिने बोललेलं हे पहिलं वाक्य.

तुझ्यासाठी मागची खोली झाडून ठेवली आहे. तिथे नुसती गादी आहे.

आक्का


लातूर, २३ मे २०२६

आक्का,

नाही म्हणाला. "नीटच्या नव्या बॅचचं टेन्शन कमी आहे का? वाण इकडे पाठवा. मी येणार नाही आणि तीही येणार नाही." त्याला काहीतरी वास लागला आहे. काल घरभर फिरून समई शोधत होता, अधिकात दिवा लावायचा म्हणे. मी सांगितलं, उजाळायला हदगावला पाठवली. म्हणाला, धोंडा संपायच्या आत समई या देवघरात दिसली पाहिजे, नाहीतर तुला उजाळतो.

वाट बंद झाली. मी दुसरं काहीतरी बघते. तुम्ही तिथेच राहा, हात जोडते.

वर्षा


हदगाव, ३० मे २०२६

वर्षा,

माझी आता बघ्याची भूमिका संपली. नांदेडला एका वकीलबाईंना भेटून आले. शुक्रवारी मी त्यांना आणि पोलिसांना घेऊनच येते. तोवर त्याच्याशी वाद घालू नकोस, होला हो म्हण.

आई आज सकाळी इस्लापूरला मावशीकडे गेली. मला बरंच वाटलं, इथे नुसती भिंतीकडे बघत बसायची. समई बरोबर नेली. म्हणाली, "घरात नको ही अवदसा. सहस्रकुंडाच्या डोहात नेऊन बुडवते." मी म्हटलं, बुडव, सुटू दे एकदाची. काल पुरणही घातलं होतं तिने, मावशीसाठी डब्यात भरून नेलं. माणसाचं दुःख थोडं निवलं की आधी भूक परत येते, असं मनात आलं.

शुक्रवारपर्यंत जीव सांभाळ.

आक्का


लातूर, ९ जून २०२६

आक्का,

तुझं ते पत्र पंचशीलाच्या दारात पडलं तेव्हा मी दवाखान्यात होते. तू धावत आलीस, तीन दिवस माझ्या उशाशी बसलीस, पण माझा जबडा तारांनी बांधलेला आणि आई तुला "झालं ते झालं" याच्या पुढे काही सांगेना. शाळेतल्या प्रवेशाच्या कामासाठी तुला परत जावं लागलं. म्हणून लिहिते. तुला पुरतं कळायला हवं.

आई इस्लापूरला गेलीच नव्हती. नांदेडला तिच्या एका मैत्रिणीकडे मुक्काम केला आणि रविवारी दुपारी हातात पिशवी घेऊन आमच्या दारात उभी राहिली. मी आधी मागे वळून त्याच्याकडे बघितलं. पण ती हसत होती. "जावईबापू, तुमाला सवड न्हाई म्हून धोंडाच घेऊन आले." तो खूश झाला. म्हणाला, मामी, समई आणली का? "आणली की. तिच्यापायीच आले."

तिने पाट मांडला. त्याचे पाय धुतले, पुसले, कुंकू लावलं. मी बघत उभी होते आणि मला तिचा राग आला, आक्का. वाटलं, सगळं माहीत असून ही बाई पाय धुते आहे. धोंडे वाढले, वर तूप घातलं, पोटभर खाऊ दिलं. मग नव्या खणात गुंडाळलेली समई त्याच्यापुढे ठेवली. लखलखीत घासलेली आणि तशीच वाकडी.

"उजाळली, पण सरळ का नाही करून आणली?" त्याने विचारलं.

"सरळ करनारी म्या कोन? ज्यानं वाकवली त्यानं सांगावं, कशावर वाकली."

तो म्हणाला, पडली असेल. तेव्हा आईने कनवटीची पुडी सोडली आणि माझे केस त्याच्या ताटात, तुपावर ठेवले. "मंग हे बी वाणात घ्या. माह्या लेकीच्या डोक्याचे हायेत. आमी तुमाला इष्णू म्हनलं, पाय धुतले. आता पुढच्या वाणाला म्या जितं ठेवते का बघा तुमाला."

त्याने ताट लाथेने उडवलं. समई उचलली आणि आईच्या खांद्यावर घातली. ती खाली पडली. मी मधे गेले तर दुसरा घाव माझ्या जबड्यावर. तोंडात दात सुटे झालेले मला जिभेला कळले. मग तो माझ्याकडे वळला नाही, आक्का. आईच्या डोक्याशी जाऊन उभा राहिला आणि समई दोन्ही हातांनी वर नेली.

मी स्वयंपाकघरात धावले आणि हात फिरवला. ओटा रिकामा, मांडणी रिकामी, खिळ्यावरही काही नाही. इतकी नीट साफसफाई मी जन्मात केली नव्हती. त्या मोबाईलातल्या बाईला धरून आपटावं असं वाटलं. मग गॅसच्या मागचा वर्तमानपत्राचा कागद हाताला लागला आणि त्याच्याखाली तुझा तवा.

दोन्ही हातांनी उचलला आणि त्याच्या मनगटावर घातला. हाड मोडल्याचा आवाज मी ओळखते, या वेळी तो माझा नव्हता. समई खाली पडली. तिथे थांबले असते तरी चाललं असतं. थांबले नाही. पुन्हा मारलं, त्याच हातावर, आणि तो गुडघ्यांवर आल्यावर पाठीत. तो "वर्षा, वर्षा" म्हणत होता. मला त्याची दया आली नाही. मला बरं वाटत होतं, आणि हे मी तुझ्याशिवाय कुणाला लिहिणार नाही. चौथ्यांदा तवा डोक्यावर नेला तेव्हा आई खालूनच म्हणाली, "बास. दार उघड."

मी तवा ठेवला आणि दार उघडलं. बाहेर पंचशीला हातात कापड कापायची मोठी कात्री घेऊन उभी होती, तिच्यामागे गल्ली.

पोलिसांनी समई आणि तवा दोन्ही पुराव्याला नेलं. हवालदाराने तवा एका हाताने उचलायला घेतला आणि मग दुसरा लावला. माझ्यावरही गुन्हा दाखल आहे, मारहाणीचा. तुझ्या वकीलबाई म्हणतात, टिकणार नाही. हरिओम, आता मी त्याला नावानेच लिहिते, हाताला प्लास्टर घालून आत आहे. कधीतरी जामिनावर सुटेल हेही त्यांनीच सांगितलं, आणि ते मी रोज आठवणीत ठेवते.

आई आणि मी पंचशीलाच्या माडीवर राहतो आहोत. आईचा खांदा वर होत नाही. मी तिला पाटीवर लिहून विचारलं, त्याने तुला मारून टाकलं असतं तर? म्हणाली, "म्या त्याच हिशेबानं आल्ते. तुला मारलं तर घरातली गोष्ट म्हन्ले असते लोकं. सासूला मारलं असतं तर त्याला कोनी सोडलं नसतं."

वर्षा


हदगाव, ८ जुलै २०२६

वर्षा,

तुझं पत्र मी पुन्हा पुन्हा वाचलं. आईवर आधी खूप चिडले, मग अंगणात बसून मोठ्याने रडले, सुमनबाई पुन्हा दारात आली. या वेळी तिला आत बोलावलं आणि सगळं सांगितलं. झाकून आपण कुणाची लाज राखत होतो?

आपल्या घरात देणं म्हणजे जड देणं. जितकं जड तितका मान. आईने समई तोलून घेतली, मी तवा तोलून घेतला. वस्तू कुणाच्या हातात जाणार आहे, हे दोघींपैकी एकीनेही पाहिलं नाही. तू सांगितलंस तेव्हा तुझंच शुद्धलेखन तपासत बसले. तो तवा वेळेला कामी आला म्हणून मला शहाणी म्हणू नकोस. त्याच तव्याने आधी तुझा हात मोडला होता.

आता रविवारी येते आहे. वाटेत नांदेडला बाजार आहे आणि माझे हात शिवशिवतात, पण काही घेणार नाही. आजवर मी तुला काय काय पाठवलं, पण एकदाही विचारलं नाही. आता विचारते. तुला काय लागतं?

आक्का


लातूर, १६ जुलै २०२६

आक्का,

रविवारी तू येऊन गेलीस, पण तेव्हा तोंड उघडत नव्हतं आणि पाटीवर मी नुसतं "विचार करून कळवते" एवढंच लिहिलं. काल तारा काढल्या. मऊ काहीही खा म्हणाले. इतके दिवस पेज आणि वरणाचं पाणी पिऊन मी आणि माझ्यापायी आई, दोघी कंटाळलो आहोत.

माडीवर काही नाही आणि मला ते आवडतं आहे. एक चटई, दोन ताटं, एक पातेलं. पंचशीलाने तवा दिला आहे, हलका, एका हाताने उचलता येतो. त्याने आणलेल्या साड्या ती फाडते आहे, त्यांची आईच्या खांद्याखाली घ्यायला गोधडी शिवते आहे. त्या साड्या पहिल्यांदाच कुणाच्या उपयोगी पडल्या. उरलेल्या तुकड्यांची एक तुलाही देईन म्हणते.

तुझ्या प्रश्नावर मी खरंच विचार केला. आज कणीक मळली आहे. आई म्हणते, बाटलीनं लाट. मला बाटलीने लाटायची नाही.

नवं काही विकत घेऊ नकोस, पसारा वाढवायचा नाही. तुझ्या पलंगाखालच्या खोक्यातलं माझं पाठव, रुखवतातलं. टोक फुटलेलं आहे, असू दे, मधला भाग गुळगुळीत आहे अजून. मला पोळी खायची आहे आणि आईला करून घालायची आहे. त्यासाठी लाटणं लागतं, आक्का. शब्द बरोबर लिहिला आहे, तपासून बघ.

तुझी,
वर्षा